तुकड्यांतून अख्खे : एक प्रस्तावना

१९१२ साली जगाच्या दोन टोकांना दोन माणसे एकाच कोड्याशी झटत होती आणि ती एकमेकांच्या गावीही नव्हती. पहिले त्र्यंबकेश्वरात जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके. लंडनहून कॅमेरा घेऊन मुंबईला परतल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर रोखला आणि ठरावीक वेळाने एकेक चौकट टिपत राहिले. महिन्याभराहून अधिक काळ हा उद्योग चालला. मग ती फीत पडद्यावर सरकली आणि पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत मातीतून कोंब वर आला, पाने उलगडली, वेल वाढू लागला. 'अंकुराची वाढ' पाहून भांडवल देणाऱ्याची खात्री पटली. पुढच्या वर्षी, ३ मे १९१३ रोजी, गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

दुसरा माणूस माक्स व्हर्टहायमर. १९१० मध्ये रेल्वेच्या प्रवासात त्याला एक प्रश्न पडला, म्हणून तो फ्रँकफुर्टला उतरला आणि त्याने चित्रे फिरवून हलती दाखवणारे एक खेळणे विकत घेतले. पुढे प्रयोगशाळेत त्याने खेळणे बाजूला ठेवून प्रश्न अगदी उघडा केला. पडद्यावर एक रेघ दाखवायची, ती घालवायची, मग थोड्या अंतरावर दुसरी दाखवायची. मधला वेळ सेकंदाच्या सुमारे तीस सहस्रांश इतका ठेवला, तर दोन्ही रेघा एकदम दिसतात. दोनशे सहस्रांश ठेवला, तर एकीनंतर दुसरी दिसते. आणि साठच्या आसपास ठेवला, तर दोन रेघा दिसतच नाहीत. एकच रेघ इथून तिथे सरकताना दिसते. पडद्यावर काहीही सरकलेले नसते. कधी कधी तर पाहणाऱ्याला वस्तूशिवाय नुसतीच हालचाल जाणवायची. वोल्फगांग क्यॉलर आणि कुर्ट कोफ्का हे त्याचे तरुण सहकारी या प्रयोगात पाहणारे म्हणून बसत होते. १९१२ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्यातून गेस्टाल्ट मानसशास्त्राची सुरुवात झाली.

फाळक्यांना हवी होती ती करामत आणि व्हर्टहायमरला हवे होते तिचे कारण. दोघांच्या हाती एकच गोष्ट लागली: डोळ्यापुढे सुटे तुकडे ठेवले, तर मन ते सुटे पाहत नाही. ते त्यांची रचना करते, आणि ती रचना आपण 'समोर असलेले' म्हणून पाहतो. हे पुस्तक त्या रचनेविषयी आहे. मनाला ती कोणत्या नियमांनी जमते, कुठे फसते, आणि कारागिरांनी ती शास्त्रज्ञांच्या आधी किंवा त्यांच्या बरोबरीने कशी हाताळली, हे इथे सांगायचे आहे. उदाहरणे शक्य तिथे नाशिक आणि नाशिक जिल्ह्यातली घेतली आहेत. त्यात गावाचे कौतुक थोडे असेलच, पण खरे कारण वेगळे आहे: प्रयोगशाळेतली रेघ पाहायला उपकरण लागते, इथली उदाहरणे वाचकाला स्वतः जाऊन पाहता येतात.

सुरुवातीलाच एक जुना समज बाजूला करायला हवा. शाळेत आपण शिकलो की प्रतिमा डोळ्यात सेकंदाचा सोळावा भाग टिकते आणि म्हणून सिनेमा हलताना दिसतो. या 'दृष्टिसातत्या'ने एवढेच कळते की मधला अंधार आपल्याला जाणवत का नाही. हालचाल का दिसते, हे त्यातून कळत नाही. प्रतिमा खरोखर नुसत्या टिकत असत्या, तर पहिलीवर दुसरी, दुसरीवर तिसरी चढत गेली असती आणि फाळक्यांच्या कुंडीत वाढणारा वेल न दिसता दहा-वीस वेलांचा हिरवट गोळा दिसला असता. वेल वाढतो, कारण मन आधीच्या चौकटीतला शेंडा आणि पुढच्या चौकटीतला, किंचित वर असलेला शेंडा हे 'एकच' आहेत असे ठरवते. हे ठरवणे फितीवर कुठेही लिहिलेले नसते.

हे ठरवणे मनाला का भाग पडते, ते डोळ्याच्या मागच्या पडद्यावर काय चालते ते पाहिले की ध्यानात येते. तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी आहेत: मंद उजेडाच्या सुमारे बारा कोटी, रंगाच्या सुमारे साठ लाख. प्रत्येक पेशी आपल्या ठिकाणी किती आणि कसा उजेड पडला एवढेच जाणते. कोणता ठिपका झाडाचा आणि कोणता आभाळाचा, हे तिला ठाऊक नसते. पुढे मेंदूकडे जाणाऱ्या नसेत साधारण दहा लाख तंतू असतात, म्हणजे वाटेतच बरीच छाटणी होते. जग तीन मितींचे, पडदा दोन मितींचा; वस्तू एकमेकींना झाकणाऱ्या, आणि आपण तर हलतोच, डोळेही सतत हलत असतात. अशा गोंधळातून घर, माणूस, रस्ता वेगळे काढायचे असतील, तर कोणते ठिपके कोणाचे, ही वाटणी आधी व्हायला हवी. व्हर्टहायमरने १९२३ मध्ये या वाटणीचे नियम मांडले. आज ते समीपता, साम्य, सातत्य, पूर्तता आणि समगती या नावांनी ओळखता येतील.

समीपतेसाठी निफाड किंवा दिंडोरीच्या एखाद्या द्राक्षबागेच्या बांधावर उभे राहावे. अनेक बागांत लागवड साधारण नऊ बाय पाचची असते. दोन ओळींत नऊ फूट, एका ओळीतल्या दोन झाडांत पाच फूट. मांडव आणि तारा मनातून काढून फक्त खोडे पाहिली, तरी ओळी दिसतात त्या पाच फुटांच्या दिशेने. नऊ फुटांच्या दिशेने ओळ 'दिसवायला' मनाला कष्ट पडतात. हीच बाग गाडीतून जाताना पाहिली, तर आणखी एक मौज होते: कोन बदलतो तशी कधी सरळ ओळ उघडते, कधी तिरकी, आणि प्रत्येक वेळी आपल्याला वाटते की आपण पाहतो तीच खरी ओळ. खोडे जागची हललेली नसतात. कोणाशी कोणाला जोडायचे हा हिशेब फक्त बदलतो.

साम्य आणि सातत्य येवल्यात पाहावे. पैठणीचा पदर जवळून पाहिला, तर त्यात काढलेली रेघ म्हणून कुठेच नसते. उभ्या धाग्यांतून आडवे रंगीत धागे जातात, रंग संपतो तिथे दुसरा सुरू होतो. एका रंगाचे धागे एकमेकांना बिलगून मोर होतात, उरलेले धागे पदराची जमीन होतात. त्याहून गमतीची गोष्ट मोराच्या मानेची. धागे उभे आणि आडवेच असल्याने विणकराला खरा बाक काढता येत नाही. तो पायऱ्यापायऱ्यांनी सरकतो. हातभर अंतरावरून त्या पायऱ्या दिसेनाशा होतात आणि मान डौलदार वळते. धूपछाव पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो; दोन्ही रंग धाग्याधाग्याने शेजारी असतात, पण नजरेला सापडतो तो झुळझुळणारा तिसराच. विणकर या तिसऱ्या रंगाचा हिशेब धागा लावतानाच करून ठेवतो. म्हणजे अर्धी कला मागावर घडते आणि अर्धी पाहणाऱ्याच्या डोक्यात, आणि विणकराला दोन्हींवर हुकमत ठेवावी लागते.

पूर्ततेचे उदाहरण बहुतेकांच्या खिशात असते. नाशिकरोडच्या चलार्थपत्र मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. आपल्या नोटेवर आकड्याचे काही तुकडे पुढच्या बाजूला आणि काही मागच्या बाजूला छापलेले असतात. नोट सपाट धरली, तर ते तुकडे निरर्थक खुणा वाटतात. उजेडासमोर धरली, की दोन्ही बाजू जुळून आकडा पुरा होतो. नकली नोट करणाऱ्याची गोची इथे होते. दोन बाजू किंचितही सरकल्या, तर कडा जुळत नाहीत, आणि ज्याला नोटांतले काहीही कळत नाही त्यालाही काहीतरी 'बिघडलेले' जाणवते. कडांच्या जुळणीबाबत आपली नजर इतकी काटेकोर आहे की सुरक्षेचे एक कुलूप थेट तिच्यावर टाकता आले.

झाकलेली गोष्ट पुरी करण्याची सवय याहून जुनी. पांडवलेण्यांतल्या तीन क्रमांकाच्या लेण्यासमोर, पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना तीन-तीन भारवाहक कोरले आहेत. सारे लेणे त्यांनी खांद्यावर पेलले आहे असा भास होतो. त्यांचे पुरे अंग शिल्पकाराने कोरलेले नाही. ते जमिनीतून वर आल्यासारखे आहेत. तरी 'अर्धी माणसे' असे कोणी म्हणत नाही. उरलेले शरीर खाली आहे, दगडाआड आहे, असे आपण धरूनच चालतो आणि त्यामुळे ओझे अधिक जड वाटते. सातवाहन काळातल्या त्या कारागिराने न कोरलेल्या भागाकडून काम करून घेतले. इटालियन मानसशास्त्रज्ञ गाएतानो कनिझा याने १९५५ मध्ये हेच कागदावर दाखवले: तीन काळ्या तबकड्या, प्रत्येकीतून एक फोड कापलेली, आणि मधोमध एक लख्ख पांढरा त्रिकोण, ज्याची एकही बाजू छापलेली नाही. असा त्रिकोण नुसता 'समजतो' की खरोखर 'दिसतो', हा वाद बराच काळ चालला. १९८४ मध्ये माकडांच्या मेंदूवरच्या प्रयोगांत, दृष्टीच्या दुसऱ्या टप्प्यातल्या काही पेशी अशा नसलेल्या कडेलाही असलेल्या कडेसारखाच प्रतिसाद देतात असे आढळले. पूर्तता ही सावकाश विचार करून केलेली अटकळ नव्हे. ती दिसण्याच्या अगदी आरंभी घडते.

आता समगती, आणि माझ्या मते सगळ्यांत बलवान नियम हाच. निफाड, सिन्नर भागातल्या उसात बिबट्या असतो हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पिवळट अंगावरचे काळे ठिपके वाळल्या पाचटात आणि सळसळत्या सावल्यांत असे मिसळतात की शरीराची कड कुठेच सलग उरत नाही. समीपता त्या ठिपक्यांना पाचटाशी जोडते, साम्य सावलीशी. देवळालीच्या तोफखाना प्रशालेत शिकणाऱ्या जवानाला तोफेवर जाळी टाकायला सांगतात, त्यामागेही हेच आहे: वस्तू लपवायची म्हणजे तिची कड मोडायची. पण बिबट्याने एक पाऊल टाकले की हा सगळा डाव फसतो. शंभर ठिपके एकाच दिशेने, एकाच वेगाने सरकतात, पाचट जागीच राहते, आणि क्षणात अख्खे जनावर समोर उभे राहते. ते थांबले की पुन्हा विरते. नांदूरमध्यमेश्वरच्या आभाळात हिवाळ्यात भोरड्यांचे थवे फिरतात तेव्हाही हेच: हजारो सुटे पक्षी, पण आपण पाहतो तो वळणारा, फुगणारा, आकसणारा एकच देह.

गती इतकी प्रभावी का, याचा धागा दिल्लीतल्या 'प्रोजेक्ट प्रकाश' या उपक्रमात सापडतो. जन्मापासून किंवा फार लहानपणापासून दृष्टी नसलेल्या भारतीय मुलामाणसांवर उपचार करायचे आणि त्यांचे पाहणे कसे घडत जाते हे अभ्यासायचे, असे हे पवन सिन्हा यांचे काम आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की नव्याने पाहू लागलेल्यांना स्थिर चित्र तुकड्यांत दिसते. एकमेकांवर चढलेले दोन आकार त्यांना दोन दिसत नाहीत. रेघा जिथे छेदतात तिथे प्रत्येक तुकडा वेगळा मोजला जातो. पण त्यातला एक आकार हलवला, की तो लगेच अख्खा सापडतो. काही महिन्यांनी स्थिर चित्रेही त्यांना जमू लागतात. याचा अर्थ असा लावता येतो की समगती हा नियम आधी हाती येतो, आणि हलणाऱ्या जगात काय काय एकत्र राहते हे पाहूनच मन बाकीचे नियम शिकते किंवा पक्के करते.

इथे फाळक्यांकडे परत जाणे अटळ आहे. त्यांना आपण आद्य चित्रपटकार म्हणून पुजतो आणि त्यांच्या आधीच्या धंद्यांना उमेदवारीचा काळ म्हणून मागे टाकतो. ते धंदे नीट पाहावेत. ते जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकले, त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला, जादूचे प्रयोग केले, आणि छापखान्यासाठी हाफटोन ब्लॉक तयार केले. हाफटोन म्हणजे नुसते लहानमोठे काळे ठिपके. राखाडी रंग त्यात कणभरही नसतो, तो वाचकाची नजर तयार करते. जादूगार लोकांची नजर एका वस्तूशी बांधतो आणि दुसरी सुटी करतो. या सगळ्या कामांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवावा लागतो: लोकांच्या मनात अख्खे उभे राहावे म्हणून नेमके किती आणि कोणते तुकडे द्यायचे? 'राजा हरिश्चंद्र'नंतर ते नाशिकला आले. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री' हे चित्रपट इथे घडले. त्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाची एक छोटी फीतही केली. तिच्यात काड्या स्वतःच्या जिवावर हलतात. काडी ही निर्जीवातली निर्जीव वस्तू. तिला नाक ना डोळे. पण पाच-सहा काड्या एका लयीत सरकल्या की पाहणाऱ्याला त्यात हेतू दिसू लागतो.

फाळके नाशिकला वारले ते १९४४ साली. त्याच वर्षी अमेरिकेत फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्या लहानशा फितीत दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ एका चौकोनाच्या आतबाहेर सरकतात, एवढेच. काय दिसले असे विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी गोष्ट सांगितली: एक दांडगट, एक घाबरलेली, एक सोडवायला आलेला. रेघेला रेघ जोडणारे मन त्याच ओघात कृतीला कृती जोडते आणि कथानक उभे करते. आगकाड्यांच्या फितीत मौज वाटते ती याच जोडण्यामुळे. सिनेमागृहातल्या रडण्या-हसण्याचे मूळ इतके खाली, रेघाठिपक्यांच्या पातळीवर, शोधता येते.

या विचाराच्या मर्यादाही इथेच सांगायला हव्यात, नाहीतर पुस्तक आरतीचे होईल. गेस्टाल्टवाद्यांनी दिसते काय, याचे अचूक वर्णन केले. पण तसे का दिसते, याचे त्यांचे उत्तर टिकले नाही. क्यॉलरचे म्हणणे असे की मेंदूत विद्युत क्षेत्रे तयार होतात आणि त्यांचा आकार दिसणाऱ्या आकृतीशी जुळतो. १९५१ मध्ये कार्ल लॅश्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूवर सोन्याचा पत्रा ठेवून पाहिले. अशी क्षेत्रे असतीच, तर पत्र्याने ती विस्कटायला हवी होती. माकडे आकृत्या पूर्वीसारख्याच ओळखत राहिली. दुसरा आक्षेप असा की नियम एकमेकांवर कुरघोडी करतात, आणि कोण जिंकेल हे सांगायला शब्द पुरत नाहीत, मोजमाप लागते. ते काम पुढच्या पिढ्यांनी केले. एगॉन ब्रुन्सविक आणि जो कामिया यांनी १९५३ मध्ये चित्रांत प्रत्यक्ष मोजून पाहिले, की जवळच्या समांतर रेघा बहुधा एकाच वस्तूच्या असतात का. तसा कल निघाला. तेव्हापासून हे नियम मनाची लहर न राहता जगाच्या घडणीशी बांधले गेले: ज्या जगात जवळजवळचे, सारखे दिसणारे आणि बरोबर हलणारे तुकडे बहुतेक वेळा खरोखरच एका वस्तूचे असतात, त्या जगात टिकून राहण्यासाठी ही सवय फायद्याची आहे.

'बहुतेक वेळा' हे शब्द वाचकाने धरून ठेवावेत. बिबट्याची बातमी आली की गावात प्रत्येक सावलीत बिबट्या दिसू लागतो. चार पिवळी पाने आणि दोन काळे डाग यांतून अख्खे जनावर तयार होते. याला भित्रेपणा म्हणून हसण्याचे कारण नाही. नसलेला बिबट्या दिसला तर आरडाओरडा होतो. असलेला दिसला नाही तर जीव जातो. दोन चुकांची किंमत इतकी वेगळी असताना मनाने स्वस्त चुकीकडे झुकणे शहाणपणाचेच आहे. मात्र तेच मन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहते, क्ष-किरणांच्या फिल्मवरचा डाग वाचते, डोंगराच्या कड्यात देवाचा चेहरा पाहते, तेव्हा स्वस्त आणि महाग चुकांचा हिशेब बदललेला असतो आणि मनाला तो कोणी कळवलेला नसतो. आपल्याला काय दिसले आणि त्यात आपण काय भरले, ही फोड करण्याची सवय अशा ठिकाणी शिकावीच लागते. ती शिकता येते, पण नियम माहीत असतील तरच.

पुस्तकाच्या पहिल्या भागात वाटणीचे नियम आहेत, दुसऱ्यात आकृती आणि पार्श्वभूमी यांची अदलाबदल, तिसऱ्यात गती. चौथ्या भागात कारागीर येतात: विणकर, शिल्पकार, ठसे करणारे, रांगोळी काढणाऱ्या बाया आणि सिनेमावाले. शेवटच्या भागात चुकांचा विचार आहे. ज्यांना मेंदूच्या पेशींत रस नाही त्यांनी दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर जायला हरकत नाही. युक्तिवाद तुटणार नाही.

एक विनंती मात्र आहे. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एक चित्र किंवा छोटा प्रयोग दिला आहे आणि उत्तर दोन पाने पुढे आहे. कृपा करून आधी पान उलटू नये. डागांच्या पसाऱ्यात दडलेला कुत्रा एकदा दिसला की तो पसारा पुन्हा नुसता पसारा म्हणून पाहता येत नाही. वर्षांनी तेच चित्र समोर आले तरी कुत्राच आधी दिसतो. म्हणजे न दिसण्याची संधी प्रत्येक चित्रामागे एकदाच मिळते, आणि मन तुकडे जुळवताना रंगेहाथ सापडते ते त्याच अवधीत. उत्तर वाचून ते कधीच सापडणार नाही.